तिबेटी वसाहती : परंपरा टिकली, माणसे ओसरू लागली

दलाई लामा यांनी ६ जुलै २०२५ रोजी वयाची ९० वर्षे पूर्ण केली. त्याआधी चार दिवस, २ जुलै रोजी, त्यांनी एक महत्त्वाची घोषणा केली. दलाई लामा ही परंपरा आपल्या पश्चातही सुरू राहील आणि पुढील अवताराची ओळख पटविण्याचा अधिकार केवळ गादेन फोड्रांग न्यासाकडे असेल, असे त्यांनी जाहीर केले. ही निवड सुवर्णकलशाच्या पद्धतीने आणि आपल्या केंद्र सरकारच्या संमतीनेच झाली पाहिजे, या भूमिकेचा चीनने तत्काळ पुनरुच्चार केला. श्रद्धा आणि धर्माचरणाच्या बाबतीत भारत सरकार कोणतीही भूमिका घेत नाही, असे परराष्ट्र मंत्रालयाने स्पष्ट केले. जगभरातील चर्चा साहजिकच वारस कोण आणि तो कोण ठरविणार, या प्रश्नाभोवती फिरत राहिली.

या चर्चेत एक दुसरा प्रश्न मागे पडला. उद्या जो कोणी पंधरावा दलाई लामा होईल, त्याला आपला मानणारा, त्याची भाषा बोलणारा आणि त्याचे धर्मग्रंथ वाचू शकणारा समाज भारतात कोठे आणि किती शिल्लक असेल, हा तो प्रश्न. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत निर्वासित तिबेटी समाजाने आपली संस्कृती ज्या जिद्दीने जपली, त्याला विसाव्या शतकाच्या इतिहासात फारशी तोड नाही. मात्र ज्या वसाहतींच्या आधारावर हे घडले, त्या वसाहतीच आता विरळ होत चालल्या आहेत.

याचा मागोवा घेण्यासाठी मराठी वाचकाला धरमशालेपर्यंत जाण्याची गरज नाही. छत्तीसगडची राजधानी रायपूर ही अशा दोन वसाहतींच्या मधल्या टापूत येते. एक वसाहत ईशान्येकडे सरगुजा जिल्ह्यातील मैनपाटच्या पठारावर आहे. दुसरी पश्चिमेकडे, महाराष्ट्राच्या हद्दीत, गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. थंडीची चाहूल लागली की तिबेटी विक्रेते रायपुरातही स्वेटर आणि शाली घेऊन येतात. समता कॉलनी आणि तिच्या शेजारच्या चौबे कॉलनीसारख्या मध्यमवर्गीय वस्त्यांना हा हंगामी बाजार अनेक वर्षांच्या परिचयाचा आहे. ही माणसे उरलेले आठ महिने कोठे राहतात आणि काय करतात, याची माहिती मात्र गिऱ्हाइकांना क्वचितच असते.

मैनपाट आणि नोर्ग्येलिंग

मार्च १९५९ मध्ये ल्हासात चिनी राजवटीविरुद्ध उठाव झाला. १७ मार्चच्या रात्री दलाई लामांनी ल्हासा सोडले आणि ३१ मार्च रोजी ते भारताच्या हद्दीत पोहोचले. त्यांच्या पाठोपाठ सुमारे ८०,००० तिबेटी लोक हिमालय ओलांडून आले. आसामातील मिसामारी आणि पश्चिम बंगालमधील बक्सा येथे छावण्या उभ्या राहिल्या. आचार्य जे. बी. कृपलानी यांच्या अध्यक्षतेखाली मध्यवर्ती मदत समिती स्थापन झाली. धडधाकट स्त्री-पुरुषांना हिमालयातील रस्त्यांच्या कामावर घेण्यात आले. उंचावरील कोरड्या हवेची सवय असलेली ही माणसे उष्मा, दमट हवा आणि क्षयरोग यांना मोठ्या प्रमाणावर बळी पडली.

हा समाज रस्त्यांच्या कामावर विखुरला गेला, तर एका पिढीत त्याची ओळख पुसली जाईल, ही भीती दलाई लामांनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्यापुढे मांडली. तिबेटींना एकत्र राहता येईल अशी जमीन द्यावी आणि त्यांच्या मुलांसाठी स्वतंत्र शाळा काढाव्यात, असे ठरले. केंद्राने राज्यांना पत्रे पाठविली. तत्कालीन म्हैसूर राज्याने बैलकुप्पे येथे सुमारे ३,००० एकर जंगलजमीन देऊ केली आणि पहिली मोठी शेतकरी वसाहत तेथे उभी राहिली. त्यानंतर १९६२-६३ च्या सुमारास तत्कालीन मध्य प्रदेशातील मैनपाट येथे फेन्देलिंग ही वसाहत वसली. ओडिशातील चंद्रगिरी, कर्नाटकातील मुंडगोड आणि कोळ्ळेगाल येथील वसाहतीही १९६३ ते १९७४ या काळातील आहेत.

मैनपाटची निवड हवामानामुळे झाली. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीवरील हे पठार आज ‘छत्तीसगडचे सिमला’ म्हणून पर्यटकांना ठाऊक आहे. सात कॅम्पांत विभागलेल्या या वसाहतीत तिबेटी कुटुंबांनी जंगल साफ करून मका, बटाटा आणि टाऊ यांची शेती सुरू केली. टाऊ म्हणजे उत्तर भारतात उपवासाला चालणारा कुट्टू. हे पीक तिबेटींनी पठारावर आणले, असे तेथे सांगितले जाते. आज आजूबाजूच्या गावांतील शेतकरीही ते घेतात आणि हिवाळ्याच्या तोंडावर त्याच्या पांढऱ्या-गुलाबी फुलांनी शेते भरून जातात. निर्वासितांनी स्थानिकांकडून घेतले ते सर्वांना दिसते, त्यांनी स्थानिकांना काय दिले याचे हे एक ठळक उदाहरण आहे.

महाराष्ट्रातील वसाहतीचे नाव नोर्ग्येलिंग. प्रतापगड आणि गोठणगाव यांच्या परिसरात, इटियाडोह धरण आणि नवेगावच्या जंगलापासून जवळच, ती १९७२ मध्ये वसली. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया हा वेगळा जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला, तरी तिबेटी प्रशासनाच्या कागदोपत्री या वसाहतीची ओळख आजही ‘भंडारा’ अशीच आहे. येथे मैनपाटसारखा गारवा नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. तिबेटच्या पठारावर जव पिकविणाऱ्या आणि याक पाळणाऱ्या समाजाने येथे धानाची शेती शिकून घेतली. शेजारी झाडीबोली बोलणारी गावे आहेत, आणि प्रतापगडावर महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. अशा परिसरात प्रार्थना पताका, प्रार्थनाचक्रे आणि विहार असलेले एक वेगळे जग गेली पन्नासहून अधिक वर्षे नांदत आहे.

शाळा, विहार आणि पंचांग

या वेगळेपणामागे एक आखीव यंत्रणा आहे, आणि तिचा पाया शाळेचा आहे. तिबेटी शाळा सोसायटी ही स्वायत्त संस्था भारत सरकारने १९६१ मध्ये स्थापन केली. पुढे केंद्रीय तिबेटी शाळा प्रशासन या नावाने ती ओळखली गेली आणि मैनपाटसह अनेक वसाहतींत तिने शाळा चालविल्या. दलाई लामांच्या भगिनींनी मे १९६० मध्ये सुरू केलेल्या बालसंगोपन केंद्रातून ‘तिबेटी बालग्राम’ ही मोठी शैक्षणिक संस्था वाढली. २००४ मध्ये निर्वासित तिबेटी संसदेने मूलभूत शिक्षण धोरण स्वीकारले. प्राथमिक शिक्षण तिबेटी माध्यमातून व्हावे, हा त्याचा गाभा होता. २०१३ पासून केंद्रीय प्रशासनाच्या शाळा टप्प्याटप्प्याने तिबेटी प्रशासनाच्या ‘संभोटा’ शाळा सोसायटीकडे सोपविण्यात आल्या.

संभोटा हे नाव मराठी वाचकाला लक्षात घेण्यासारखे आहे. सातव्या शतकात थोन्मी संभोटा यांनी भारतात येऊन अध्ययन केले आणि भारतीय लिपीच्या आधारे तिबेटी लिपी तयार केली, अशी परंपरा सांगते. त्या लिपीत ३० व्यंजने आणि स्वरांच्या ४ खुणा आहेत, आणि तिची वर्णमाला क, ख, ग, ङ अशीच सुरू होते. वसाहतीतील मूल पहिल्या दिवशी जे गिरवते, ते मराठी मुलाच्या मुळाक्षरांचे दूरचे नातलग असते.

पंचांगाचेही तसेच आहे. धरमशालेत १९६१ मध्ये पुन्हा उभी राहिलेली ‘मेन-त्सी-खांग’ ही वैद्यक आणि ज्योतिष संस्था दरवर्षी तिबेटी पंचांग प्रसिद्ध करते. त्यात अधिक महिना असतो आणि तिथींची क्षय-वृद्धीही असते. साठ वर्षांचे चक्र ‘रबजुंग’ म्हणून ओळखले जाते. हा शब्द म्हणजे ‘प्रभव’ या पहिल्या संवत्सराच्या नावाचे तिबेटी भाषांतर होय. गुढीपाडव्याला मराठी घरात संवत्सराचे नाव वाचले जाते, त्याच साठ संवत्सरांच्या कल्पनेवर तिबेटी कालगणनाही उभी आहे. लोसार हा तिबेटी नववर्षाचा सण फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये येतो. त्या वेळी तळलेले ‘खाप्से’ केले जातात, आणि ते पाहून कोणालाही शंकरपाळ्यांची आठवण व्हावी. रोजच्या आहारातील त्साम्पा म्हणजे भाजलेल्या जवाचे सातूच.

वसाहतीचा दुसरा आधार विहाराचा. तिबेटातील सेरा, द्रेपुंग आणि गादेन या तीन महाविहारांतील जे भिक्षू भारतात पोहोचले, त्यांना आरंभी बक्सा येथील जुन्या तुरुंगाच्या आवारात ठेवण्यात आले होते. पुढे सेरा विहार बैलकुप्पेला, तर द्रेपुंग आणि गादेन मुंडगोडला नव्याने उभे राहिले. मैनपाट येथेही विहार आहे. सारनाथ येथील उच्च तिबेटी अध्ययन संस्था १९६७ मध्ये, तर धरमशालेतील तिबेटी ग्रंथालय आणि अभिलेखागार १९७० मध्ये स्थापन झाले. १०८ खंडांच्या परंपरेने ओळखल्या जाणाऱ्या कांग्युर या बुद्धवचनांच्या संग्रहात अशा अनेक संस्कृत ग्रंथांची भाषांतरे आहेत की ज्यांची मूळ प्रत भारतात उरलेली नाही. त्यामुळे सारनाथला चालणारे काम हे तिबेटींइतकेच भारतीयांच्याही वारशाचे आहे.

कलांच्या बाबतीतही हेच धोरण दिसते. ऑगस्ट १९५९ मध्ये, म्हणजे निर्वासनाला सहा महिनेही झाले नसताना, कालिम्पोंग येथे संगीत, नृत्य आणि नाट्य जपणारी संस्था निघाली. तीच आज तिबेटी प्रयोगकला संस्था म्हणून धरमशालेजवळ काम करते. ‘ल्हामो’ हे तिबेटी संगीतनाट्य उघड्या मैदानात, प्रेक्षकांच्या मधोमध, तासन्‌तास चालते. झाडीपट्टीतील दंडार पाहिलेल्या रसिकाला ते परके वाटणार नाही.

या सर्वांवर देखरेख ठेवण्यासाठी प्रत्येक वसाहतीत सेटलमेंट ऑफिसर असतो. सहकारी संस्था, दवाखाना आणि वृद्धाश्रम यांचीही व्यवस्था बहुतेक ठिकाणी असते. १९७२ पासून तिबेटी प्रशासन ‘हिरवे पुस्तक’ देते. त्यात प्रत्येकाने दिलेल्या ऐच्छिक वर्गणीची नोंद होते. आपल्या ४५ सदस्यांच्या संसदेसाठी मतदान करताना हे पुस्तक दाखवावे लागते.

जपताना बदललेली परंपरा

परंपरा जपणे म्हणजे ती गोठविणे, असा समज येथे खरा ठरत नाही. तिबेटमध्ये ऊ-त्सांग, खाम आणि आम्दो या तीन प्रांतांच्या बोली एकमेकांपासून बऱ्याच दूर होत्या. वसाहतींत या तिन्ही प्रांतांची माणसे शेजारी-शेजारी आली आणि सर्वांना समजेल अशी एक सामाईक तिबेटी बोली रूढ झाली. त्या अर्थाने आजची निर्वासित तिबेटी भाषा बऱ्याच अंशी भारतात घडली आहे.

स्त्रियांच्या धर्मशिक्षणात तर मोठा बदल झाला. ‘गेशे’ ही तत्त्वज्ञानातील सर्वोच्च पदवी शतकानुशतके फक्त भिक्षूंना मिळत होती. डिसेंबर २०१६ मध्ये मुंडगोड येथे २० भिक्षुणींना प्रथमच ‘गेशेमा’ ही समकक्ष पदवी प्रदान करण्यात आली. जुन्या तिबेटमध्ये भिक्षुणींना जे मिळाले नव्हते, ते निर्वासनात मिळाले. २०११ मध्ये दलाई लामांनी आपले सर्व राजकीय अधिकार निर्वाचित नेतृत्वाकडे सोपविले, हेही याच बदलाचे दुसरे उदाहरण म्हणता येईल.

तिबेटी वैद्यकालाही भारतात नवे स्थान मिळाले. सोवा-रिग्पा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीला २०१० मध्ये भारतीय वैद्यकविषयक कायद्यात दुरुस्ती करून अधिकृत मान्यता देण्यात आली. लडाखपासून अरुणाचलपर्यंतच्या हिमालयीन प्रदेशात ती पूर्वीपासून प्रचलित होती, त्यामुळे या मान्यतेचा लाभ भारतीय नागरिकांनाही झाला.

स्वेटरचा हंगाम

वसाहतींची खरी कसोटी अर्थकारणात लागते. मिळालेली जमीन भाडेपट्ट्याची आहे. कुटुंबे वाढली, जमीन तेवढीच राहिली. मैनपाटची शेती पावसाच्या भरवशावर चालते आणि वाट चुकलेल्या हत्तींचा उपद्रव पिकांना होतो. वसाहतींत एके काळी भरभराटीला आलेला गालिचे विणण्याचा उद्योग यंत्रावरील स्वस्त गालिच्यांपुढे मागे पडला. अशा वेळी आधार मिळाला तो लोकरी कपड्यांच्या हंगामी व्यापाराचा.

हा व्यापार विश्वासावर चालतो. लुधियानाचे कारखानदार तिबेटी विक्रेत्यांना माल मोठ्या प्रमाणात उधारीवर देतात आणि हंगाम संपल्यावर हिशेब चुकता होतो. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत रायपूर, नागपूर, पुणे अशा शंभराहून अधिक शहरांत तिबेटी बाजार भरतात. अनेक कुटुंबांचा वर्षाचा खर्च या चार महिन्यांच्या कमाईतून निघतो. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे बाजारांवर संकट आले, तेव्हा हा आधार किती नाजूक आहे हे स्पष्ट झाले. थंडी उशिरा पडली किंवा ऑनलाइन खरेदी वाढली, तरी त्याचा फटका थेट वसाहतीतील चुलीपर्यंत पोहोचतो.

सांस्कृतिक दृष्टीने या व्यापाराच्या दोन बाजू आहेत. वसाहत चालते ती याच पैशावर. विहाराला दान, मुलांच्या वसतिगृहाचा खर्च आणि लोसारचा सण यांना पैसा येथूनच येतो. दुसरीकडे, वर्षातील चार महिने वसाहतीत प्रामुख्याने वृद्ध आणि लहान मुले उरतात. धानाची कापणी झाली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि गावेच्या गावे रात्रभर मंडपात बसतात. नेमक्या त्याच काळात नोर्ग्येलिंगची कर्ती पिढी दूरच्या शहरांत दुकान मांडून बसलेली असते. एका समाजाचा एकत्र येण्याचा काळ हा शेजारच्या समाजाचा पांगण्याचा काळ ठरतो.

शिकलेल्या तरुणांना हा व्यापारही नको आहे. परिचारिका, शिक्षक, कॉल सेंटरमधील कर्मचारी किंवा माहिती तंत्रज्ञानातील कामगार म्हणून ते दिल्ली, बंगळुरू येथे जातात आणि संधी मिळताच परदेश गाठतात. अमेरिकेने १९९० च्या कायद्यानुसार १,००० तिबेटींना प्रवेश दिला आणि नंतर त्यांच्या कुटुंबीयांसाठीही वाट मोकळी झाली. स्वित्झर्लंड आणि कॅनडा येथेही मोठे तिबेटी समाज आहेत.

तिबेटी प्रशासनाने २००९ मध्ये केलेल्या गणनेत तिबेटबाहेरील तिबेटींची संख्या १,२७,९३५ भरली होती. त्यांपैकी ९४,२०३ भारतात होते. त्यानंतर भारतातील संख्या घटत गेली, हे सर्वच अंदाजांतून दिसते. याची तीन कारणे ठळक आहेत. परदेशी स्थलांतर वाढले. जन्मदर लोकसंख्या स्थिर राखण्यासाठी लागणाऱ्या पातळीच्या खाली गेला. आणि तिबेटमधून येणारा ओघ आटला. २००८ पूर्वी दरवर्षी दोन ते तीन हजार लोक नेपाळमार्गे भारतात येत असत. त्या वर्षी तिबेटमध्ये झालेल्या निदर्शनांनंतर चीनने सीमेवरील बंदोबस्त कडक केला आणि अलीकडच्या वर्षांत ही संख्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. त्याचा परिणाम शाळांच्या पटावर झाला. अनेक शाळा एकत्र कराव्या लागल्या किंवा बंद झाल्या. दक्षिणेतील महाविहारांत आज लडाख, स्पिती, अरुणाचल आणि नेपाळ येथून आलेल्या विद्यार्थ्यांचे प्रमाण मोठे आहे. धर्मपरंपरा त्यामुळे सुरक्षित राहील. तिबेटी समाज तितकाच सुरक्षित राहील, असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही.

कायद्याने उभा केलेला पेच

वसाहतींच्या भवितव्याशी कायदेशीर दर्जाचा प्रश्न जोडलेला आहे. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. त्यामुळे तिबेटी हे कायद्याच्या भाषेत परदेशी नागरिकच ठरतात. त्यांना नोंदणी प्रमाणपत्र दिले जाते आणि त्याचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. परदेशप्रवासासाठी पारपत्राऐवजी ओळख प्रमाणपत्र मिळते. १ सप्टेंबर २०२५ पासून जुना परदेशी नागरिक कायदा जाऊन त्या जागी नवा स्थलांतर आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला, तेव्हाही नोंदणीकृत तिबेटींचा विचार स्वतंत्र सवलतीद्वारेच करावा लागला.

नागरिकत्वाच्या कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच भारतीय नागरिक ठरते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका तिबेटी तरुणीच्या प्रकरणात आणि पुन्हा २०१६ मध्ये हा नियम तिबेटींनाही लागू असल्याचा निर्वाळा दिला. मार्च २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पारपत्र कार्यालयांना तशा सूचना दिल्या. परंतु त्याच वर्षी काही अटीही पुढे आल्या. पारपत्र हवे असेल, तर नोंदणी प्रमाणपत्र परत करावे, तिबेटी प्रशासनाकडून मिळणाऱ्या सवलती सोडाव्यात आणि नेमून दिलेल्या तिबेटी वसाहतीत राहू नये, असे त्यांचे स्वरूप होते.

या अटींमागे तर्क आहे. निर्वासितांसाठी राखून ठेवलेली जमीन नागरिकांनी वापरू नये, असे सरकारला वाटणे चुकीचे म्हणता येणार नाही. परंतु त्याचा सांस्कृतिक परिणाम गंभीर आहे. मैनपाटमध्ये १९७० साली जन्मलेल्या व्यक्तीला कायद्याने नागरिकत्वाचा हक्क आहे, पण तो बजावायचा तर ज्या घरात ती वाढली, ते घर सोडण्याची वेळ तिच्यावर येते. ज्यांच्यापाशी शिक्षण आणि महत्त्वाकांक्षा आहे, तेच वसाहतीबाहेर पडतात. मागे राहतो तो अधिक वयाचा आणि अधिक असुरक्षित समाज. नागरिकत्व घेतल्यास तिबेटच्या प्रश्नाशी आपली बांधिलकी सैल होईल, अशी भावनाही जुन्या पिढीत आहे.

केंद्र सरकारने २०१४ मध्ये तिबेटी पुनर्वसन धोरण जाहीर केले. वसाहतींच्या जमिनीचे २० वर्षांचे भाडेकरार करावेत, रोजगार हमी आणि शिधावाटपासारख्या योजनांचा लाभ तिबेटींना द्यावा, त्यांना व्यापाराचे परवाने आणि नोकऱ्या मिळाव्यात, अशा सूचना त्यात राज्यांना करण्यात आल्या. धोरण केंद्राचे असले, तरी जमीन हा विषय राज्यांचा आहे. त्यामुळे अंमलबजावणीचा वेग प्रत्येक राज्यात वेगळा राहिला. भाडेपट्टा किती वर्षांचा आहे, यावर तरुण शेतकरी फळबाग लावेल की वर्षाच्या पिकावर भागवील, हे ठरते. वसाहतीत घर बांधावे की शहरात भाड्याची खोली घ्यावी, हा निर्णयही त्यावरच अवलंबून असतो.

मराठी समाजाला परिचित प्रश्न

भाषा आणि प्रदेश यांची ताटातूट झाल्यावर काय होते, याचा काहीसा अनुभव रायपूरच्या मराठी समाजालाही आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी कुटुंबे छत्तीसगडात स्थायिक होत गेली. १९५६ पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते, त्याची राजधानीच नागपूर होती. १९३५ मध्ये स्थापन झालेले रायपूरचे महाराष्ट्र मंडळ आजही चौबे कॉलनीत कार्यरत आहे. गणेशोत्सव, नाटक आणि सणवार यांतून मराठीपण टिकले. तरीही शाळेची भाषा हिंदी किंवा इंग्रजी झाल्यावर घरातील मराठी पिढीगणिक स्वयंपाकघरापुरती उरते, हे अशा कुटुंबांना नव्याने सांगण्याची गरज नाही. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ सुरू करणारे माधवराव सप्रे हे मराठी भाषक होते, पण त्यांचे नाव अजरामर झाले ते हिंदी गद्याच्या इतिहासात. ही गोष्ट अभिमानाची आहे, आणि भाषा प्रदेशाप्रमाणे कशी वळते याचीही ती साक्ष आहे.

मात्र दोन्ही समाजांत मूलभूत फरक आहे. रायपूरच्या मराठी घरातील भाषा क्षीण झाली, तरी नागपूरला रात्रीच्या गाडीने पोहोचता येते. तेथे मराठी शाळा, प्रकाशने, रंगभूमी आणि सरकार आहे. मूळ झरा वाहता आहे. तिबेटी वसाहतीच्या मागे असा मोकळा झरा नाही. तिबेटमधील सुमारे १० लाख मुले सरकारी निवासी शाळांत चिनी भाषेच्या प्रभावाखाली वाढत असल्याबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये चिंता व्यक्त केली होती. चीनने हे आरोप फेटाळून लावले आणि या शाळा दुर्गम भागातील शिक्षणासाठी आवश्यक असल्याचे म्हटले. या वादात कोणाचीही बाजू घेतली, तरी मोकळेपणाने तिबेटी शिक्षण, संशोधन आणि धर्मशास्त्राची चर्चा चालते अशी जी मोजकी ठिकाणे जगात आहेत, त्यांत भारतातील या वसाहतींचे स्थान वरचे आहे, हे मान्य करावे लागते. भंडारा-गोंदियाच्या धानशेतीत वसलेल्या लहानशा वसाहतीचे महत्त्व त्यामुळे तिच्या आकारापेक्षा कितीतरी मोठे आहे.

विदर्भात या वसाहतीला आणखी एक संदर्भ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्याच वर्षी बुद्ध जयंतीच्या २,५०० व्या वर्षानिमित्त दलाई लामा भारतात आले होते. समता आणि सामाजिक मुक्ती यांवर भर देणारा आंबेडकरी बौद्ध विचार आणि विधी, ध्यान व तर्कशास्त्र यांची दीर्घ परंपरा असलेला तिबेटी बौद्ध धर्म, या दोन धारा पूर्व विदर्भात शेजारी-शेजारी नांदत आहेत. या दोहोंमधील संवाद वाढल्यास नोर्ग्येलिंगची वसाहत ही केवळ निर्वासितांची वस्ती न राहता या प्रदेशाच्या सांस्कृतिक जीवनाचा भाग होऊ शकेल.

पुढील वाट

दलाई लामांच्या वारसाचा प्रश्न केव्हा आणि कसा सुटेल, हे सांगता येत नाही. तिबेटी इतिहास पाहता एका दलाई लामाच्या निधनापासून दुसरा वयात येईपर्यंत साधारण दोन दशकांचा काळ जातो. तो काळ संस्थांच्या बळावर काढावा लागतो, आणि संस्था चालतात त्या माणसांच्या बळावर. म्हणूनच वसाहतींतील घटती लोकसंख्या हा वारसाच्या प्रश्नाइतकाच तातडीचा विषय आहे.

त्यावर काही उपाय भारताच्या हाती आहेत. राज्यांनी भाडेकरारांचे प्रश्न मार्गी लावावेत. नागरिकत्वाचा कायदेशीर हक्क बजावणाऱ्याला वसाहतीशी, शाळेशी आणि विहाराशी नाते टिकविता येईल, अशी एखादी मधली व्यवस्था शोधता येईल. मैनपाटमध्ये वाढत असलेल्या पर्यटनाचा आणि टाऊच्या पिठाला मिळणाऱ्या बाजारपेठेचा लाभ वसाहतीतील तरुणांना मिळाला, तर चार महिन्यांच्या स्वेटरविक्रीवरील त्यांचे अवलंबित्व कमी होईल. यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी भारताला आपले परराष्ट्र धोरण बदलावे लागत नाही.

काही उपाय तिबेटी समाजाने स्वतः सुरू केले आहेत. रिकाम्या होणाऱ्या शाळा एकत्र करणे, परदेशातील मुलांसाठी सप्ताहान्त वर्ग चालविणे आणि ग्रंथांचे संगणकीकरण करणे ही कामे चालू आहेत. ग्रंथ संगणकात सुरक्षित राहतील, यात शंका नाही. परंतु आजीच्या तोंडून भाषा ऐकत वाढणारे मूल, विहारातील वादविवाद ऐकत मोठा होणारा मुलगा आणि लोसारला एकत्र येणारे शेजारी यांना पर्याय नाही. १९५९ नंतरच्या पिढीने हे ओळखले, म्हणून तिने विखुरण्याला नकार देऊन जमीन आणि शाळा मागितली. त्या मागणीला तेव्हाच्या केंद्र आणि राज्य सरकारांनी प्रतिसाद दिला. ती जमीन कसणारी आणि त्या शाळेत मुले पाठविणारी कुटुंबे पुढील वीस वर्षे मैनपाट आणि नोर्ग्येलिंग येथे राहतील की नाही, यावर त्या निर्णयाचे यश अखेर मोजले जाईल.